मेलात तर पुन्हा पहिल्यापासून
वाचकांचे प्रश्न : जुनी गेमबुकं आणि त्यांचा गोतावळा

गेल्या अंकात इंग्लंडमधल्या मुलांच्या जुन्या पुस्तकांवर लिहिताना मी ‘फायटिंग फॅन्टसी’ गेमबुकांचा ओझरता उल्लेख केला होता. वाचणाऱ्यानं स्वतः नायक व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची, अशी ही पुस्तकं. त्या एका वाक्यावर आलेल्या पत्रांनी हा महिना भरला. काहींनी ती लहानपणी खेळली होती, काहींना रद्दीत सापडली होती, आणि काहींना अर्थातच फक्त भाव हवा होता.

मी कुठून बोलते आहे, तेही सांगून टाकते. ऐंशीच्या दशकात मी मिडलंड्समधल्या एका सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या विभागात नोकरीला होते. ही पुस्तकं आली तेव्हा मी काउंटरच्या आतल्या बाजूला होते. कुठलं पुस्तक रांग लावून नेलं गेलं आणि कुठलं मांडणीवर धूळ खात पडलं, हे मी पाहिलेलं आहे. बाजारातल्या भावाचं मला फारसं कौतुक वाटत नाही, ते त्यामुळेच.

प्रश्न : माझा नातू बर्मिंगहॅमहून सुट्टीला आलाय. त्याच्या बाबांचं लहानपणीचं एक पुस्तक बरोबर आणलंय. चार ओळी वाचतो, फासे टाकतो, भलतंच पान उघडतो आणि मध्येच ‘मेलो!’ म्हणून ओरडतो. हा काय प्रकार आहे?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, काळजी करू नका, दहा मिनिटांत तो पुन्हा जिवंत होतो. त्या पुस्तकातली गोष्ट सलग नाही. तिचे बहुतेक वेळा ४०० तुकडे केलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो आणि ते मुद्दाम उलटसुलट लावलेले असतात. पहिल्याच तुकड्याच्या शेवटी विचारतात, पश्चिमेला जाणार की पूर्वेला? पश्चिमेला जायचं तर ७१ उघडा, पूर्वेला जायचं तर २७८. तिथं नवीन संकट उभं असतं.

खेळण्याआधी फासे टाकून स्वतःचे तीन आकडे ठरवायचे : कौशल्य, दम आणि नशीब. कौशल्यासाठी एक फासा अधिक ६, दमासाठी दोन फासे अधिक १२, नशिबासाठी पुन्हा एक फासा अधिक ६. राक्षस समोर आला की त्याच्यासाठी दोन फासे आणि तुमच्यासाठी दोन फासे टाकायचे, त्यात ज्याचं त्याचं कौशल्य मिळवायचं. ज्याची बेरीज कमी, त्याचा दम २ नी उतरतो. दम शून्यावर आला की नातू ओरडतो. मला यातली सर्वांत चतुर गोष्ट वाटते ती नशिबाची. नशीब आजमावायला दोन फासे टाकायचे आणि बेरीज तुमच्या नशिबाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली तर तुम्ही सुटलात. पण सुटा किंवा फसा, दर वेळी तो आकडा १ नी घटतो. उठसूट नशिबावर हवाला ठेवणारा शेवटी उघडा पडतो.

हे सुरू केलं स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या दोघा मित्रांनी. आणखी एका मित्राला घेऊन त्यांनी १९७५ मध्ये ‘गेम्स वर्कशॉप’ काढलं होतं आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकी खेळ ते इंग्लंडात विकत होते. त्या खेळाला मंडळी जमवावी लागतात, शिवाय गोष्ट चालवणारा एक सूत्रधार लागतो. पेंग्विनच्या संपादकाला त्यांच्याकडून या छंदाची माहिती देणारं पुस्तक हवं होतं. या दोघांनी माहिती देण्याऐवजी एकट्यालाच खेळता येईल असं पुस्तक लिहून दिलं. अमेरिकेत ‘चूज युअर ओन अॅडव्हेंचर’ ही मालिका १९७९ पासून चालू होती, पण तिच्यात नुसते फाटे होते. फासे नव्हते, लढाई नव्हती. इथं पुस्तकच सूत्रधार झालं. पहिलं पुस्तक ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ ऑगस्ट १९८२ मध्ये पफिननं, म्हणजे पेंग्विनच्या मुलांच्या पुस्तकांच्या शाखेनं, काढलं. डोंगराच्या पोटात एक नदी आहे. नदीपर्यंतचा भाग लिव्हिंगस्टननं लिहिला आणि पलीकडचा जॅक्सननं. नातवाला नदी सापडली का, विचारा.

प्रश्न : ठाण्यात रद्दीवाल्याच्या ढिगात ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ मिळालं. आत १९८२ छापलंय. कणा हिरवा आहे, त्यावर १ हा आकडा आहे. ही पहिली आवृत्ती असावी. किती येतील?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिली नाही. दुसऱ्या प्रश्नाकडे मग येते.

१९८२ हे साल त्या पुस्तकाच्या नंतरच्या छापील प्रतींतही असतं, कारण पुस्तक पहिल्यांदा निघालं ते साल ते असतं. शीर्षकपानाच्या मागं, जिथं हक्कांचा मजकूर बारीक अक्षरांत असतो, तिथं ‘प्रथम प्रकाशित’ या ओळीखाली पाहा. त्या काळात पफिन तिथं पुनर्मुद्रणांची सालं ओळीनं छापत असे. तशी ओळ असेल तर तुमची प्रत त्यातल्या शेवटच्या सालची. ती ओळच नसेल तर मात्र बसा आणि एक ग्लास पाणी प्या. पुस्तक इतकं झपाट्यानं संपलं की पाठोपाठ पुन्हा पुन्हा छापावं लागलं, त्यामुळे ती ओळ नसलेल्या प्रती थोड्या आहेत.

तुमच्या बाबतीत एवढंही करायची गरज नाही, कण्यानंच सांगून टाकलंय. पहिल्या छपाईच्या वेळी ही मालिका होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, मग १ हा आकडा घालणार कशाला? तेव्हा पीटर अँड्र्यू जोन्सचं चित्र पुढच्या मुखपृष्ठावरून कणा ओलांडून मलपृष्ठापर्यंत पसरलेलं होतं. हिरवा कणा आणि क्रमांक आले ते मालिका रुळल्यावर.

किंमत मी सांगत नाही. कुणालाच सांगत नाही, रागावू नका. ईबेवर लोक मागतात ते आकडे पाहू नका, मागायला काय जातं? ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ अशी चाळणी तिथं लावता येते. ती लावून तुमच्यासारख्याच स्थितीतली प्रत खरोखर कितीला गेली ते पाहा. तुमच्या प्रतीच्या भावात बहुधा दोन माणसांचा चहा-नाश्ता होईल. पण रस निकल्सनची आतली चित्रं तीच आहेत, ती पहिल्या आवृत्तीत जास्त भीतीदायक नव्हती.

प्रश्न : मी नोकरीला लागलोय आणि लहानपणची हौस आता पुरी करायचीय. पफिनची सगळी ५९ पुस्तकं जमवायची आहेत. पहिली वीस-पंचवीस सहज मिळताहेत, पण शेवटच्यांचे भाव पाहून डोळे पांढरे झाले. शेवटची एवढी चांगली आहेत का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : चांगलीबिंगली काही नाही, कमी छापली होती.

जुन्या वस्तूंच्या बाजारात नवख्या माणसाला वाटतं, जे सर्वांत प्रसिद्ध ते सर्वांत महाग. इथं नेमकं उलटं आहे. ‘द फॉरेस्ट ऑफ डूम’, ‘सिटी ऑफ थीव्ह्‌ज’, ‘डेथट्रॅप डंजन’ ही पुस्तकं आमच्या वाचनालयात एका प्रतीवर कधी भागली नाहीत. मुलं परत करायची ती पुढच्या मुलाच्या हातात. सुट्टीच्या दिवसांत नोंदवहीत त्यांच्या नावापुढं रांग असायची. घराघरांत ती होती, म्हणून आजही चॅरिटीच्या दुकानांत मिळतात. नव्वदच्या आसपास चित्र पालटलं. तीच मुलं मोठी झाली आणि त्यांच्या धाकट्या भावंडांच्या हातात व्हिडिओ गेम आले. १९९२ मध्ये ५० वं पुस्तक ‘रिटर्न टू फायरटॉप माउंटन’ निघालं, आणि तिथं मालिकेला पूर्णविराम द्यायचं ठरलं होतं. ते चांगलं खपलं म्हणून गाडी पुढं ढकलली. पण ढकललेली गाडी किती जाणार? छपाई घटत गेली आणि १९९५ मध्ये ५९ वं ‘कर्स ऑफ द ममी’ काढून पफिननं दुकान आवरलं. ६० वं ‘ब्लडबोन्स’ जाहीर होऊन रद्द झालं. ते शेवटी २००६ मध्ये विझर्ड बुक्सनं काढलं.

तुमचे डोळे पांढरे करणारी पुस्तकं ती हीच : ‘मेजहंटर’, ‘रिव्हेंज ऑफ द व्हॅम्पायर’, ‘कर्स ऑफ द ममी’ आणि त्यांची भावंडं. ज्यांना तेव्हा कुणी विचारलं नाही, त्यांना आज सोन्याचा भाव आहे, कारण कपाटातला ५१ ते ५९ चा खड्डा संग्राहकाला झोपू देत नाही.

तुम्हाला काय हवंय, हे आधी ठरवा. वाचायचंय, खेळायचंय, तर ५९ च्या मागं लागू नका. पहिली पंधरा, त्यात १० वं ‘हाउस ऑफ हेल’ आलंच. ते तलवार-राक्षसांच्या जगात नाही, आजच्या काळातल्या एका झपाटलेल्या घरात घडतं. पुढं २४ वं ‘क्रीचर ऑफ हॅवक’, तेही जॅक्सनचंच. त्यात तुम्ही नायक नसता, स्वतःच राक्षस असता आणि सुरुवातीला आपलंच डोकं आपल्या ताब्यात नसतं. माझ्या मते संबंध मालिकेत याच्या तोडीचं दुसरं नाही. ते अवघड आहे, अन्यायकारक म्हणावं इतकं. एवढं जमवलंत तर मालिकेचा अर्क तुमच्याकडं आला. यातलं काहीही दुर्मीळ नाही.

आणि कपाटात रांग पूर्णच दिसायला हवी असेल, तर शेवटची नऊ आधी घ्या. पहिली पन्नास पळून जात नाहीत. निदान कणे एकसारखे हवेत असा हट्ट सोडा. पफिननं मध्येच मुखपृष्ठांची मांडणी बदलली, त्यामुळे एकाच पुस्तकाची दोन-तीन रूपं मिळतात. २००२ पासून विझर्डनं आणि २०१७ पासून स्कोलॅस्टिकनं काढलेल्यांचा थाट आणखी निराळा. स्कोलॅस्टिकची सुरुवातीची चित्रं पाहून जुन्या मंडळींनी नाकं मुरडली होती. मीही मुरडलं.

एक सूचना टपालाची. इंग्लंडहून एकेक पुस्तक मागवलंत तर पुस्तकापेक्षा टपाल महाग पडतं. तिथं कुणी नातलग असेल तर त्यांच्या पत्त्यावर जमवा आणि गावी येताना थोडी थोडी आणायला सांगा. इकडं फ्लोरा फाउंटनचे किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं धुंडाळा. विक्रेत्याला नाव सांगून विचारू नका, ‘हो, आहे’ म्हणून तो भलतंच काढून देईल. मुलांच्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात स्वतः हिरवा कणा शोधायचा.

प्रश्न : जुनं ‘डेथट्रॅप डंजन’ घेतलं. पुढच्या नोंदपानावर (कौशल्य, दम, नशीब लिहायचं पान) कुणीतरी पेन्सिलीनं आकडे लिहून, खोडून, पुन्हा लिहून पान काळं केलंय. मी ते स्वच्छ खोडून घेऊ का? प्रतीची किंमत वाढेल ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हात लावू नका.

नोंदपान कोरं असेल तर भाव चढतो, हे खरं. पण तुमचं पान आता कोरं होणार नाही, फक्त घासलेलं होईल. तो कागद स्वस्तातला, लाकडाच्या लगद्याचा, चाळीस वर्षांत तपकिरी झालेला. खोडरबरानं वरचा थर निघून तिथं पांढरट ठिगळ दिसेल आणि कुठल्याही जाणत्या माणसाला ते लगेच कळेल. स्वस्त कागदावरची शाई काढायचा उद्योग तर मुळीच नको.

दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. त्या पानावर एक मूल कसं खेळलं ते दिसतं. दमाचा आकडा १९ वरून १७, १५, १३ असा उतरत गेला आणि मग अचानक २४ झाला असेल, तर त्या पोरानं लबाडी केली, आणि कुठल्या लढाईनंतर केली तेही कधीकधी कळतं. सामानाच्या रकान्यात त्यानं काय उचललं, काय विसरलं, ते वाचा. कोरी प्रत विकत घेणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. त्याच्या प्रतीत कुणी खेळलेलंच नाही.

ता.क. ‘डेथट्रॅप डंजन’मधलं गाव फँग, नदी कोक आणि सरदार सुकुमवित. ही नावं लिव्हिंगस्टननं थायलंडहून उचलली. तिकडं फँग नावाचं गाव आहे, कोक नदी आहे, आणि सुखुमवित हा बँकॉकचा मोठा रस्ता. त्याच्या मित्रानं, म्हणजे जॅक्सननं, ‘सॉर्सरी’ या आपल्या वेगळ्या गेमबुक-मालिकेसाठी नेपाळ धुंडाळला. अन्नपूर्णेच्या वाटेवर चालून आलेल्यांनी पहिल्या भागातली बिरिटांटी आणि धुम्पस ही गावं वाचावीत, बिरेठांटी आणि धाम्पूस आठवतील.

प्रश्न : आमच्याकडं रत्नागिरीत पाऊस सुरू झाला की पुस्तकांना बुरशी धरते. माझ्या वीसेक गेमबुकांची पानं सुटायला लागली आहेत, दोन-तीन पुस्तकांत कसर दिसली. लॅमिनेशनवाला म्हणतो मुखपृष्ठं लॅमिनेट करून देतो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लॅमिनेशनवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. गरम पट्टा फिरवून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही, आत अडकलेली ओल तिथंच राहते. वाचनालयात आम्हीही मुखपृष्ठांवर प्लास्टिक चढवायचो, पण ती पुस्तकं पाच वर्षं टिकली तरी पुरे होतं. तुम्हाला पन्नास टिकवायची आहेत.

आधी कसर. किडा दिसलेलं पुस्तक बाकीच्यांपासून लगेच दूर करा. झिपच्या जाड पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि पिशवी फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जाणारा हवा, बर्फाचा नुसता खण पुरत नाही. घरची मंडळी हसतील, हसू द्या. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून एक दिवस खोलीत राहू द्या. लगेच उघडलीत तर गार कागदावर दव धरेल आणि कसर मेली तरी बुरशी येईल. एवढं झाल्यावर मऊ ब्रशनं झटका.

बुरशीला ओला बोळा लावायचा नाही. ओल्या बुरशीवर काही फिरवलंत तर ती कागदात घुसते. आधी पुस्तक पंख्याखाली उभं करून, पानं पंख्यासारखी उलगडून सुकवा. उन्हात नको, मुखपृष्ठाचा रंग उडतो आणि कण्याचा डिंक तडकतो. पूर्ण कोरडं झाल्यावर अंगणात नेऊन, तोंडाला मास्क लावून, ब्रशनं बुरशी झटकायची. डाग राहतील, राहू द्या.

पानं सुटण्याचं कारण बांधणीत आहे. ही पुस्तकं शिवलेली नाहीत, पानांच्या कडा कापून कण्याला डिंकानं चिकटवलेल्या आहेत. वय झालं की डिंक ठिसूळ होतो. त्यात मुलं एक बोट या पानात, दुसरं त्या पानात घालून पुस्तक मागंपुढं करत. सेलोटेप लावू नका, पाच-दहा वर्षांत ती पिवळी पडून चिकटपणाचा डाग सोडते. फेव्हिकॉलही नको, तो कडक होतो आणि शेजारचं पान ओढून काढतो. सुटलेली पानं क्रमानं आत ठेवा आणि सगळं पुस्तक रुंद सुती फितीनं बांधा. बाइंडिंगवाल्याकडं नेलंत तर तो कडा कापेल, शिवेल, पुठ्ठा चढवेल. पुस्तक मजबूत होईल, पण त्याचं मूळ रूप गेलं. वाचायच्या प्रतीला चालेल.

राहता राहिलं कपाट. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं मोकळी ठेवा. पुस्तकं उभी, सैल. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा. डांबरगोळ्या पुस्तकांना टेकवून नकोत. कडुलिंबाचा पाला आजीच्या काळापासून चालत आलाय, पण तो फळीवर कापडाच्या पुरचुंडीत ठेवायचा. पानांमध्ये ठेवलात तर पाल्याचा ठसा कायमचा. वरून घालायच्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. शाळेच्या पुस्तकांना घालतात ते जाड पीव्हीसी नको, ते मुखपृष्ठाला चिकटतं.

प्रश्न : इथं कार-बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, मला फायरटॉप माउंटनच्या बोर्ड गेमचा खोका, ‘वॉरलॉक’ मासिकाचे काही अंक आणि स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावरच्या गेमची एक कॅसेट मिळाली. पुस्तकांखेरीज काय काय जमवण्यासारखं आहे?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुम्ही ऐन भांडारात उभे आहात, आम्हाला इकडं हे दिसतही नाही.

बोर्ड गेम १९८६ चा, गेम्स वर्कशॉपनं काढलेला. अशा खोक्यात एकच गोष्ट पाहायची : आत काय नाही. पत्ते आणि छोट्या प्लास्टिकच्या आकृत्या मोजून घ्या, मूळ नियमपत्रिका आहे का ते बघा. अर्धवट खोका स्वस्त मिळाला तर सोडू नका, दुसरा अर्धवट खोका कधीतरी भेटतो आणि दोहोंचा मिळून एक होतो. कॅसेट १९८४ च्या सुमाराची असेल, तर खेळण्याच्या दृष्टीनं तिच्यात पुस्तकाची मजा शोधू नका. वरच्या छापील कागदासकट डबी जपून ठेवा.

‘वॉरलॉक’ मासिकाचे १३ अंक निघाले, १९८६ मध्ये ते बंद पडलं. सुरुवातीचे अंक पफिननं काढले, पुढचे गेम्स वर्कशॉपनं. माझा जीव दुसऱ्या अंकात आहे. ‘कॅव्हर्न्स ऑफ द स्नो विच’ पुढं मालिकेतलं ९ वं पुस्तक झालं, पण त्याआधी ते लहान रूपात या अंकात आलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, लेखकानं गोष्ट कुठं ताणली ते दिसतं. अंक घेताना मधली पानं आहेत ना ते पाहा. नोंदपान कापून घेणारी मुलं फार होती.

त्यापलीकडं मी तीन वस्तूंचा शोध घ्यायला सांगेन. एक, ‘सॉर्सरी’चं सुटं मंत्रपुस्तक. ही चार भागांची मालिका १९८३ ते ८५ मध्ये निघाली. पहिल्यांदा ती मोठ्यांसाठी म्हणून पेंग्विनच्या नावानं आली होती, पफिनच्या नव्हे. त्यात ४८ मंत्र, प्रत्येक तीन अक्षरांचा, आणि ते खेळाआधी पाठ करायचे, खेळताना उघडून पाहायचे नाहीत. पाठांतराचा खेळ असल्यामुळे आपल्याकडची मुलं त्यात इंग्रज पोरांना भारी पडली असती. शिवाय आतली चित्रं जॉन ब्लँशची. ती खरी तर भिंतीवर लावण्याच्या लायकीची. दोन, ‘क्लॅश ऑफ द प्रिन्सेस’, १९८६. एका खोक्यात दोन पुस्तकं, दोघांनी एकाच वेळी खेळायची. त्यांतलं एक हरवलेलं असतंच. तीन, ‘आउट ऑफ द पिट’, १९८५. या गेमबुकांच्या जगातल्या २५० प्राण्यांची सचित्र जंत्री. ते आधी मोठ्या आकारात निघालं, नंतर लहान. मोठाच घ्या, लहान आकारात चित्रं घुसमटतात.

सिटाडेल या छोट्या आकृत्या बनवणाऱ्या कंपनीनं काढलेल्या ६० मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या आकृत्याही मिळतात. रंगवलेल्या असतील आणि रंग वाईट असेल तर तो तसाच ठेवायचा की काढायचा, यावर संग्राहकांत भांडणं आहेत. मी त्यात पडत नाही.

प्रश्न : ८ व्या पुस्तकावर स्टीव्ह जॅक्सन असं नाव आहे, पण शैली वेगळी वाटते. माझा भ्रम का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भ्रम नाही, कान चांगला आहे तुमचा. ‘स्कॉर्पियन स्वॉम्प’ लिहिणारा स्टीव्ह जॅक्सन दुसराच. तो अमेरिकी, टेक्सासचा, आणि त्याचीही खेळांचीच कंपनी. त्यानं या मालिकेत तीन पुस्तकं लिहिली : ८ वं, १९ वं ‘डीमन्स ऑफ द डीप’ आणि २२ वं ‘रोबॉट कमांडो’. दोन जॅक्सन आहेत असं पुस्तकात कुठं सांगितलेलं नाही. बाकीच्या लेखकांची तऱ्हा आणखी वेगळी. मुखपृष्ठावर ‘जॅक्सन आणि लिव्हिंगस्टन सादर करतात’ असं ठळक, आणि बिचारा खरा लेखक आतल्या पानावर. विकत घेताना आतलं पान बघत जा.

प्रश्न : लेखकाच्या सहीची प्रत महाग विकताहेत. घेऊ का?
— एक वाचक, दादर

उत्तर : सहीसाठी जास्त मोजू नका. दोघंही लेखक मेळाव्यांना येतात, २०१४ पासून इंग्लंडात ‘फायटिंग फॅन्टसी फेस्ट’ भरतो, आणि तिथं रांगेत उभं राहून लोक पिशव्या भरभरून सह्या घेतात. लिव्हिंगस्टन २०२२ मध्ये ‘सर’ झाले, म्हणून जुन्या सह्यांचं मोल वाढत नाही. चित्रकाराची सही असेल तर मात्र मी थांबून विचार करेन. रस निकल्सन २०२३ मध्ये गेले. त्यांच्या सह्या आता वाढणार नाहीत.

प्रश्न : ‘लोन वुल्फ’ याच कुळातलं ना? तेही जमवावं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कुळ तेच, घर वेगळं. जो डेव्हरची ही मालिका १९८४ मध्ये ‘फ्लाइट फ्रॉम द डार्क’नं सुरू झाली. इथं एका पुस्तकातला नायक आपल्या सगळ्या विद्या घेऊन पुढच्या पुस्तकात जातो, म्हणून क्रमानं वाचावं लागतं. फासे नसले तरी चालतं. मागं आकड्यांचा तक्ता आहे, डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची. गॅरी चॉकची चित्रं सुरुवातीच्या भागांत आहेत, नंतर नाहीत, आणि ते जाणवतं. त्या काळात निघालेला शेवटचा, २८ वा भाग १९९८ चा. शेवटचे भाग इथंही त्याच कारणानं महाग आहेत. पण डेव्हरनं १९९९ मध्ये आपली पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायची परवानगी दिली, ती ‘प्रोजेक्ट एऑन’वर आहेत. आधी तिथं वाचा, मग पहिले पाच कागदाचे घ्या.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्याकडं साठवलेले पैसे आहेत, त्यात एकच पुस्तक येईल. कुठलं घेऊ? आणि बोट ठेवून मागं जाणं ही लबाडी आहे का?
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तू जुनं घेऊच नकोस. नवीन छापलेलं, पांढऱ्या कागदाचं घे, म्हणजे मनसोक्त हाताळता येईल. ‘सिटी ऑफ थीव्ह्‌ज’ घे. चोरांच्या शहरात एकटीनं शिरायचं, गल्लीबोळांत वस्तू शोधायच्या आणि बाहेर पडायचं. पहिलं पुस्तक प्रसिद्ध आहे, पण त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात एक चक्रव्यूह आहे, त्यात आमच्याकडची भली भली मुलं कंटाळून पुस्तक परत करायची. ते नंतर.

गणिताची चौकटीची वही घे आणि प्रत्येक वळण तिच्यात काढत जा. नोंदपानाची झेरॉक्स काढ, पुस्तकात लिहू नकोस. दोन फासे सापशिडीच्या डब्यातले चालतील. बोटाचं म्हणशील तर मी वाचनालयात रोज पाहायचे, पाच बोटं पाच पानांत आणि पुस्तक नाकानं उलटणारी मुलं. कुणाला कधी हटकलं नाही. तू एकदा प्रामाणिकपणे खेळ, मर, आणि दुसऱ्या वेळी बोटं वापर. कुठं मेलीस ते मला कळव.